शोषखड्डा दर पावसाळ्यात वर येतो? उपसण्याआधी हे तपासा

नागपंचमी जवळ आली की आमच्या गावात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "भाऊ, खड्डा वर आला." वर आला म्हणजे शोषखड्ड्यातलं, मोरी-न्हाणीचं पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यातलं, सांडपाणी झाकणाच्या फटीतून निघून अंगणात पसरलं. मग घरातलं कुणीतरी झाकण सरकवतं, बादल्यांनी पाणी उपसून नालीत ओततं, आठ दिवस बरे जातात आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच. तीन पावसाळे मी स्वतः लोकांना हाच उपाय सांगत होतो. चौथ्या पावसाळ्यात एका आक्कांनी विचारलं, "दरवर्षी उपसायचंच तर खड्डा कशाला, नालीच बरी होती की." उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून जे मोजलं, खणलं आणि चुकलं ते इथे लिहितो आहे.

मी ग्राम रोजगार सेवक. गाव परभणी जिल्ह्यातलं, 1200 वस्तीचं, चहूबाजूंनी काळं रान. रोजगार हमीतून घरोघरी शोषखड्डे घेतले तेव्हा डोळ्यांसमोर शेजारच्या नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी होतं. हिमायतनगर तालुक्यातल्या या गावाने घराघरांत खड्डे करून उघड्या नाल्या हटवल्या, डास घालवले, आणि तो 'नांदेड पॅटर्न' राज्यभर गाजला. आम्ही त्यातलं माप उचललं : 4 फूट लांब, 4 फूट रुंद, 4 फूट खोल, आत गोटे, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची कुंडी. सगळ्या घरांना एकच साचा. माती कुठे कोणती आहे हे कुणी पाहिलं नाही, मीसुद्धा नाही.

आधी हिशेब

जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी धरलं आहे. पाच माणसांचं घर म्हणजे 275 लिटर. त्यातलं साधारण 70 टक्के मोरी आणि न्हाणीतून बाहेर पडतं, म्हणजे जवळजवळ 190 लिटर रोजचे.

आता खड्डा. 4 × 4 × 4 फूट म्हणजे 64 घनफूट, सुमारे 1800 लिटर. पण आत गोटे भरलेले. गोट्यांच्या फटींत जेमतेम 40 टक्के जागा उरते, म्हणजे 700 लिटरच्या आसपास. पाणी अजिबात मुरलं नाही तर चौथ्या दिवशी खड्डा काठोकाठ. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. खड्ड्याला आपण टाकी समजत होतो. तो साठवत काहीच नाही. त्याचं सगळं काम चार भिंती करतात, आणि बिघाड होतो तोही तिथेच.

भिंती किती? पाइप ज्या उंचीवर येतो त्याखाली तीन फूट धरलं तर 4 भिंती × 4 फूट × 3 फूट, म्हणजे 48 चौरस फूट, साडेचार चौरस मीटर. सांडपाणी मुरण्याचा सर्वसाधारण ठोकताळा असा : वाळूसर मातीत चौरस मीटरला दिवसाला 50 लिटर, पोयट्यात 30, चिकणमातीत 10, आणि भिजल्यावर फुगणाऱ्या मातीत 10 च्याही खाली. आपली काळी कापसाची जमीन या शेवटच्या वर्गातली. वाळूसर जागेत हाच खड्डा रोज 225 लिटर पिऊन टाकतो. पोयट्यात 135. काळीत 45 सुद्धा नाही, आणि आपण त्यात ओततोय 190.

बरं, हे 190 लिटर दिवसभरात थोडे थोडे आले असते तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. आला की सगळ्या गल्लीचं धुणं त्याच सकाळी निघतं. तीन तासांत दोन दिवसांचं पाणी खड्ड्यात जातं. त्यामुळे "काल तर बरा होता" हे वाक्य खरं असतं आणि त्याला काही अर्थही नसतो.

काठी लावा, मग बोला

उपसण्याआधी हे एक काम करा. खड्ड्यात गोट्यांमधून तळापर्यंत जाणारा चार इंची पाइप उभा बसवा, त्याला खालून वर भोकं पाडा आणि वरचं तोंड टोपीने बंद ठेवा. नव्या खड्ड्यात हा पाइप सुरुवातीलाच घालायचा. जुन्यात मधल्या कुंडीचं झाकण उघडून काम भागतं. एका काठीवर इंचाइंचाच्या खुणा करा. रात्री भांडी आटोपली की, समजा 10 वाजता, काठी बुडवून पाण्याची पातळी लिहा. पहाटे 5 वाजता, कुणी मोरीत जायच्या आत, परत लिहा.

4 × 4 च्या गोटेभरल्या खड्ड्यात एक इंच पाणी म्हणजे साधारण 15 लिटर. सात तासांत पातळी तीन इंच उतरली तर 45 लिटर मुरले, दिवसाचे दीडशेच्या वर. हा खड्डा ठीक आहे, त्याच्यावर लोड जास्त आहे. अर्धाच इंच उतरली तर दिवसाला 25 लिटर. हा खड्डा मेला आहे, कितीही उपसा. आणि पहाटे पातळी रात्रीपेक्षा वर असेल, तर पाणी घरातून येतच नाही, जमिनीतून किंवा छपरावरून येतंय.

हे तीन निकाल म्हणजे तीन वेगळे आजार. आमच्याकडे तिन्हींवर एकच औषध चाललं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"नवा खड्डा, पंधरा दिवसांत भरला"

नवा खड्डा इतक्या लवकर भरला तर दोष मातीचा किंवा खणण्याचा.

गावात एक गोष्ट उशिरा लक्षात आली, खरं तर ती आपल्या भाषेतच होती. जुने लोक 'काळी' आणि 'पांढरी' म्हणतात : काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. आमचं जुनं गावठाण पांढरीवर आहे, थोडं उंचवट्यावर, पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या घरांच्या थरावर. तिथले खड्डे आजही चालतात. घरकुलांची नवी वस्ती मात्र काळीवर बसली, आणि वर येणारे खड्डे जवळजवळ सगळे तिथले. एकच मिस्त्री, एकच माप, एकच खर्च. कागद काढून नकाशावर खुणा केल्या तेव्हा काळी-पांढरीची शीव आपोआप उमटली. वाड-वडिलांनी घरं कुठे बांधायची हे ठरवताना निचऱ्याचा विचार केला असेल की नाही, देव जाणे, पण निवड बरी होती.

काळ्या मातीचा डाव असा की ती मे महिन्यात फसवते. उन्हाने भेगा पडलेल्या असतात, हात जाईल एवढ्या. तेव्हा खड्डा खणला, दोन हंडे ओतले, पाणी गुडुप. सगळे खूश. मृगाचा पाऊस झाला की माती फुगते, भेगा मिटतात आणि तोच खड्डा हौदासारखा पाणी धरून बसतो. म्हणून मुरण्याची चाचणी कोरड्या जमिनीवर करायची नाही. जिथे खड्डा घ्यायचा तिथे, त्या खोलीवर, एक फूट लांब-रुंद-खोल भोक करा. ते पाण्याने भरा, आटलं की पुन्हा भरा, असं दिवसभर आणि रात्रभर ओलं ठेवा. दुसऱ्या दिवशी सहा इंच पाणी भरून पट्टी लावा आणि एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळावर बघा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर खड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर खड्ड्याऐवजी चर घ्या. तासाच्या वर गेलं तर तिथे जमिनीत पाणी मुरवण्याचा नाद सोडा.

दुसरा दोष हाताचा. ओल्या काळीत फावडं मारलं की भिंत सारवल्यासारखी गुळगुळीत निघते. दिसायला सुबक, पण त्या लेपाने मातीची छिद्रं बुजलेली असतात. गोटे भरण्याआधी खुरप्याने किंवा पहारीच्या टोकाने सगळ्या भिंती खरवडून खडबडीत करायच्या. आमच्या पहिल्या वर्षाच्या खड्ड्यांत हे कुणी केलं नाही, कारण मिस्त्रीला सफाईदार भिंतीचा अभिमान होता आणि मी त्याचे फोटो काढत होतो.

भरावाचंही तसंच. एका ठेकेदाराने गोट्यांऐवजी पाडलेल्या भिंतीचा राडारोडा टाकला. त्यातली सिमेंटची आणि चुन्याची भुकटी पहिल्याच महिन्यात तळाला जाऊन बसली. भराव धुतलेल्या गोट्यांचा किंवा पक्क्या भाजलेल्या विटांच्या तुकड्यांचा हवा, खाली मोठे, वर लहान. सगळ्यात वर खताची रिकामी पोती अंथरून मगच माती ओढायची, नाहीतर ती फटींत उतरते.

"दोन वर्षं चालला, आता चालत नाही"

सगळ्यात जास्त तक्रारी याच आहेत, आणि सगळ्यात जास्त चुकीचे उपायही यावरच होतात, म्हणून इथे थोडा थांबतो.

असा एक खड्डा आम्ही वैशाखात पूर्ण रिकामा केला. पाणी उपसलं, गोटे एकेक करून बाहेर काढले. भिंतीला बोट लावलं तर काळा, बुळबुळीत, मेणचट लेप. बोटभर जाड नाही, नखाएवढा. त्याच्यामागची माती मात्र जवळजवळ कोरडी! म्हणजे पाण्यापासून एका नखाच्या अंतरावर तहानलेली जमीन होती आणि मधला पडदा पाणी जाऊ देत नव्हता. तेल, साबणाचा मळ, अन्नाचे कण आणि त्यांवर पोसलेले जिवाणू मिळून हा पडदा विणतात. खड्डा सतत बुडालेला राहिला की हवा लागत नाही आणि पडदा घट्ट होत जातो.

त्यात धुण्याच्या पावडरीची भर. पावडरीत सोडा असतो, सोड्यात सोडियम. सोडियम मातीचे कण सुटे करतं आणि छिद्रं लिंपली जातात. शेतकऱ्याला हे वेगळं समजावायला नको, त्याने चोपण जमीन पाहिलेली असते. पाणी वर तळं करून उभं राहतं आणि खाली ढेकूळ कोरडं. खड्ड्याच्या भिंतीवर आपण रोज थोडी थोडी चोपण तयार करतो.

लोक काय करतात? टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतात. विहिरीत टाकायची ती पावडर खड्ड्यात दोन-दोन किलो ओततात. वास दोन दिवस जातो, लेप जागेवर राहतो, आणि तो लेप खाऊन संपवणारे जिवाणू मात्र मरतात. कुणी जळकं ऑइल ओततो, डासांसाठी म्हणून. ते सरळ जमिनीखालच्या पाण्याकडे निघतं. दोन्ही बंद करा.

उपाय दोन, आणि दोन्ही हवेत. पहिला, लेप काढणे. उन्हाळ्यात गोटे बाहेर काढून उन्हात वाळवा, घासून झटका. भिंतीची इंच-दीड इंच माती खरवडून काढा. खड्डा तीन-चार आठवडे उघडा आणि कोरडा राहू द्या. नुसत्या हवेनेही बरंच काम होतं. भोवती काटेरी फांद्या लावा, लेकरं आणि शेळ्या पडतात. तेवढे दिवस पाणी परसातल्या केळीला वळवा.

दुसरा उपाय जास्त मोलाचा : तेल आणि गाळ खड्ड्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही. त्यासाठी 20 लिटरची रंगाची रिकामी बादली पुरते, झाकणासह. मोरीचा पाइप बादलीत एका बाजूने वरच्या अंगाला सोडा. समोरच्या बाजूने, दोन बोटं खाली, बाहेर जाणारा पाइप. पण त्याच्या आतल्या तोंडाला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून खालचा फाटा पाण्यात सहा इंच बुडेल असा ठेवा. मोरीचं गरम पाणी बादलीत निवतं, तेल सायीसारखं वर धरतं, राख आणि वाळू तळाला बसते, आणि टी मधलं नितळ पाणी तेवढं पुढे पाठवते. टी नाही लावली तर ही नुसती बादली आहे. आमच्या पहिल्या दहा बादल्यांपैकी सहांना टी नव्हती, कारण दुकानात संपली होती आणि "नंतर लावू" असं ठरलं होतं.

बादली दर आठ ते पंधरा दिवसांनी साफ करावी लागते. वरची साय आणि तळाचा गाळ उकिरड्यात टाका, वर माती लोटा. हे काम कोण करणार यावरून घरात वाद होतात हे मी पाहिलं आहे. जिथे बादली मोरीच्या लगेच बाहेर, उभ्याने हाताला येईल अशी बसवली तिथे साफसफाई होते. जिथे जमिनीत पुरून वर फरशी ठेवली तिथे होत नाही. आक्कांच्या घरी फरशी होती. त्यांची सून म्हणाली, "दादा, ती फरशी तुम्ही उचलून दाखवा आधी." उचलली. कमरेत लचक भरली. दुसऱ्या दिवशी फरशी काढून प्लास्टिकचं झाकण लावलं.

न्हाणीच्या तोंडाला बारीक जाळीही लावा. केसांचं गुंतवळ पाइपात अडकतं आणि घरचे लोक म्हणतात खड्डा भरला.

जागा असेल तर एकाऐवजी दोन खड्डे घ्या आणि मध्ये छोटं चेंबर. सहा महिने एक, सहा महिने दुसरा. विसावलेल्या खड्ड्याच्या भिंतीवरचा लेप हवेने सुकतो आणि कुजून जातो. एक मोठा खड्डा घेण्यापेक्षा दोन मध्यम आळीपाळीने वापरणं मला कितीतरी पटीने पटतं, पण अंदाजपत्रकात 'एक घर, एक खड्डा' असंच असतं.

"फक्त श्रावणात"

आठ महिने ठीक आणि पावसाळ्यातच वर येत असेल, तर आधी छपराकडे बघा. आमच्या नव्या वस्तीत 11 घरांच्या पत्र्याच्या पन्हळी न्हाणीच्या बाजूला उतरत होत्या. 300 चौरस फुटांच्या पत्र्यावर एक इंच पाऊस झाला तर 700 लिटर पाणी उतरतं, म्हणजे एका सरीत अख्खा खड्डा. पन्हळ दुसऱ्या बाजूला वळवणं हा गावातला सगळ्यात स्वस्त दुरुस्तीचा प्रकार निघाला. खड्ड्याचा काठही अंगणापेक्षा सहा इंच उंच घ्या, भोवती मुरमाचा उतार द्या.

छपराचं पाणी नसेल आणि तरी पहाटेची पातळी चढलेली दिसत असेल, तर जमिनीतलंच पाणी वर आलं आहे. जवळच्या विहिरीत किंवा आडात डोकावा. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली भूजलाची पातळी यांत किमान दीड-दोन मीटर कोरडी माती हवी. तेवढी नसेल तर खड्डा खोल करणं हा वेडेपणा आहे. आमच्याकडे एकाने 8 फूट केला. खाली पाझर लागला आणि खड्ड्याचा झरा झाला.

अशा जागी खाली जायचं सोडून आडवं जायचं. 30 फूट लांब, दीड फूट रुंद, 2 फूट खोल चर. पाइपाखाली दीड फूट धरलं तर दगड जवळजवळ तेवढेच लागतात, बाजूच्या भिंती मात्र 48 ऐवजी 90 चौरस फूट मिळतात, आणि त्या वरच्या थरात, जिथे मुळं आणि हवा असतात. चर समपातळीत हवा. उतार दिला तर सगळं पाणी शेवटच्या टोकाला जमतं. कडेने कर्दळ, केळ, अळू लावा. काळी फारच चिवट असेल तर चरही जमिनीत न घेता मुरूम आणि वाळूचा फूटभर उंच वाफा करून त्यात भोकांचा पाइप टाका.

आणि एक कबुली. सलग झडीच्या तीन-चार आठवड्यांत काळ्या जमिनीत कोणताच खड्डा, कोणताच चर पुरा पडत नाही. जमीनच तुडुंब भरलेली असते. त्या दिवसांसाठी चराच्या शेवटी वरच्या पातळीवर एक पाइप नालीकडे काढून ठेवा. तेलाची बादली नीट चालत असेल तर तिथून जाणारं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं. 'नालीमुक्त गाव' असा फलक लावल्यावर हे करायला लोक लाजतात आणि मग तेच पाणी रस्त्यावर येतं.

कधीच न भरणारा खड्डा

याची तक्रार कुणी करत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. आमच्या शाळेजवळ मुरमाखाली तडकलेला काळा खडक आहे. तिथला खड्डा कितीही पाणी ओता, गडप. सगळे त्याचं कौतुक करत. दख्खनच्या बेसाल्ट खडकात पाणी गाळत गाळत जात नाही, भेगांतून धावतं. मातीतून हळू मुरताना जी गाळणी होते ती तिथे होतच नाही. त्या खड्ड्यापासून हातपंप 40 फुटांवर होता. खड्डा बंद केला, पाणी दूर वाफ्यात नेलं. विहीर, बोअर, हातपंप यांच्यापासून किमान 50 फूट, आणि खडक लागला तर त्याहून बरंच लांब. तळाला दोन फूट जाड वाळू-मातीचा थर देऊनच.

वास आणि डास

खड्डा भरलेला नाही तरी मोरीत वास येतो, तर पाइपाला पाण्याची सील नाही. मोरीच्या तोंडाला ट्रॅप बसवा, त्यात कायम दोन इंच पाणी राहिलं पाहिजे.

डासांचं सांगायचं तर, घाणेरड्या साचलेल्या पाण्यात वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. डेंग्यूचा एडिस स्वच्छ पाण्याच्या रांजणात वाढतो, त्याचा दोष शोषखड्ड्याला देऊ नका. त्यासाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. खड्ड्याचं झाकण नीट बसत असेल आणि काठीच्या पाइपाला टोपी असेल तर क्युलेक्सला आत जायला वाट नाही. फटी मातीच्या गाऱ्याने लिंपा. सिमेंट वापरू नका. मी एकदा 14 झाकणं सिमेंटने पक्की करून टाकली होती आणि पुढच्या उन्हाळ्यात ती घण घालून फोडली.

संडासाचं पाणी

हे दोन पाणी एकत्र करू नका. दोन खड्ड्यांच्या संडासाच्या खड्ड्यात न्हाणीचं पाणी सोडलं की तो वर्षभरात भरतो, आणि मैला कुजायला लागणारा कोरडेपणा त्याला मिळत नाही. उलट बाजूने, सेप्टिक टाकीचा ओव्हरफ्लो शोषखड्ड्यात किंवा नालीत काढलेला असेल, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवून आधी ते थांबवा. त्याला स्वतंत्र, विहिरीपासून लांबचा शोषखड्डा लागतो. भरलेल्या टाकीत माणूस उतरवायचा नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. आतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. 2013 च्या कायद्याने अशी सफाई माणसाकडून करून घेणं गुन्हा आहे. उपसायला पंपाची गाडीच बोलवा.

नालीच्या टोकाला जमणारं डबकं

घरोघरी सगळं नीट केलं तरी गावाच्या उताराला, हॉटेल, पिठाची गिरणी, दाटीवाटीची गल्ली यांचं पाणी येणारच. आमच्याकडे ते स्मशानभूमीच्या वाटेवर डबकं करून बसायचं. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, जाळी. नालीच्या तोंडाला प्लास्टिक अडवणारी उभ्या गजांची जाळी असते. ती आठ दिवस साफ केली नाही की नाली मागे तुंबते आणि मग कुणीतरी जाळीच उपटून टाकतं. आमची तीन वेळा उपटली गेली. आता ती साफ करणाऱ्याला महिन्याचा ठरलेला मोबदला आहे, आणि जाळी जागेवर आहे. दुसरी, गाळ. नालीच्या टोकाला पाणी निवळायला खोदलेली तळी तीन असोत की एक, पहिल्या तळ्याचा गाळ उन्हाळ्यात काढलाच पाहिजे. शेवटच्या तळ्यात गप्पी मासे सोडता येतात.

त्याच्या पुढे एक शेतकरी मोटर लावून ते पाणी कडवळाला देतो. लोक नाकं मुरडतात. मला त्यात वावगं वाटत नाही. चारा, ऊस, झाडं यांना चालेल. कोथिंबीर, मेथी, कांद्याची पात, म्हणजे जे कच्चं खातात, त्याला मात्र अजिबात नाही. हे त्याला दोनदा सांगून झालं आहे.

पैशाचं थोडक्यात. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत धरले होते, त्याहून मोठ्या गावाला 660. त्यातले 70 टक्के मिशनचे आणि 30 टक्के पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून. 1200 वस्तीला हे 3,36,000 होतात. बांधायला पुरतात. देखभाल मात्र त्यात नाही, आणि आमचे सगळे बिघाड देखभालीचे. आम्ही जाळीवाल्याचा मोबदला, टी-एल्बो आणि बादल्या वित्त आयोगाच्या स्वच्छतेसाठी राखून ठेवलेल्या हिश्श्यातून घेतल्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना) आधी आराखड्यात ओळ घालायला लावा, ग्रामसभेच्या आत. नंतर गेलात तर "पुढच्या वर्षी बघू".

तुमचा खड्डा वर येत असेल आणि कुणाला विचारायचं असेल, तर "भरतो" एवढंच सांगू नका. तीन रात्रींचे काठीचे आकडे, घरातली माणसं, नळ किती दिवसांनी येतो, आणि घर काळीवर आहे की पांढरीवर, एवढं कागदावर घेऊन जा. काठी मात्र जपून ठेवा. आमच्या गल्लीतल्या दोन काठ्या पोरांनी विटी-दांडूला नेल्या, म्हणून आता ती आक्कांच्या दाराच्या मागे, त्यांच्या स्वतःच्या काठीशेजारी उभी असते.